तापात बाळाला येणारी आकडी: बेळगाव सीमाभागातील पालकांचे नेहमीचे प्रश्न

सहा महिने ते पाच वर्षे वयातल्या शंभर मुलांपैकी दोन ते पाच जणांना तापात एकदा तरी आकडी येते. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, हुक्केरी या पट्ट्यातले पालक दवाखान्यात जे प्रश्न विचारतात, तेच इथे घेतले आहेत. पहिला प्रश्न सगळ्यांनी आधी वाचावा. बाकीचे निवांत वाचले तरी चालतील.

आत्ता फिट चालू आहे. काय करू?

घड्याळ बघा. किती वाजता सुरू झाली ते मोठ्याने बोला, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात राहील.

बाळाला जमिनीवर, चटईवर किंवा घोंगडीवर डाव्या कुशीवर वळवा. डोकं किंचित मागे ठेवा, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर पडेल. गळ्यातला काळा दोरा, कुंची, स्वेटर सैल करा. तोंडाबाहेर आलेली उलटी फडक्याने पुसा, पण बोट आत घालू नका. दातखीळ बसली तरी चमचा, किल्ली, बोट काहीही दातांत घालायचं नाही. जीभ गिळली जात नाही. उलट तुटलेला दुधाचा दात श्वासनळीत जाऊ शकतो. पाणी, दूध, औषध तोंडाने देऊ नका. हातपाय दाबून धरू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने काही होत नाही. फिट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला जातं, एवढंच.

घरात दुसरं माणूस असेल तर मोबाइलवर अर्धा मिनिट व्हिडिओ घ्यायला सांगा. चेहरा, दोन्ही हात आणि दोन्ही पाय एका चौकटीत दिसू देत. डॉक्टरला या व्हिडिओतून जे कळतं ते महागड्या तपासणीतूनही कळेलच असं नाही.

पाच मिनिटं झाली आणि फिट चालूच आहे, तर डॉक्टरने आधी लिहून दिलेला, फिट थांबवणाऱ्या औषधाचा नाकातला स्प्रे द्या आणि लगेच १०८ लावा. स्प्रे नसेल तर थांबू नका, निघा. पहिलीच फिट असेल, बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, ओठ निळे राहत असतील किंवा एकाच बाजूचे हातपाय उडत असतील, तर पाच मिनिटांचीही वाट बघायची नाही.

फिट थांबली, पण छाती हलत नाही? बाळाला पाठीवर झोपवा, हनुवटी किंचित वर करा, बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही तुमच्या तोंडाने झाकून पाच हलके श्वास द्या. छाती वर येताना दिसली पाहिजे. तरीही हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध दाबणं सुरू करा (वर्षाच्या आतल्या बाळाला दोन अंगठ्यांनी, मोठ्याला एका तळहाताने), ३० वेळा दाब आणि २ श्वास, आणि १०८ चा फोन स्पीकरवर ठेवा.

१०८ ला काय सांगायचं? कन्नड येत नाही.

आधी राज्य, मग तालुका, मग गाव आणि ठळक खूण. कोगनोळी, कागवाड, बोरगाव या बाजूला मोबाइल कधी कधी पलीकडच्या राज्याच्या टॉवरवर असतो, म्हणून राज्याचं नाव सगळ्यात पहिलं. त्यानंतर बाळाचं वय, फिट किती मिनिटं चालू आहे आणि श्वास चालू आहे का, एवढंच.

कन्नडमध्ये तीन वाक्यं पाठ असली तर वेळ वाचतो. ‘मगूगे फिट्स बंदिदे’ म्हणजे बाळाला फिट आली आहे. ‘ज्वर इदे’ म्हणजे ताप आहे. ‘ऐदु निमिष आयितु’ म्हणजे पाच मिनिटं झाली. भिंतीवर लिहून ठेवा. फोन आजीच्या हातात असण्याची शक्यता जास्त.

अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघू की गाडी काढू? आणि जायचं कुठे?

फिट चालू असताना सगळ्यात जवळचं ठिकाण गाठा, जिथे डॉक्टर, ऑक्सिजन आणि सलाईन लावायची सोय आहे. तालुक्याचं सरकारी हॉस्पिटल चालतं. ते ओलांडून ‘मोठ्या दवाखान्यातच नेऊया’ म्हणत बेळगावचं बिम्स किंवा कोल्हापूरचं सीपीआर ही मोठी सरकारी रुग्णालयं गाठण्यात जो अर्धा तास जातो, तोच महागात पडतो. शिरेतून दिलेलं फिट थांबवणारं औषध (लोराझेपाम किंवा मिडाझोलाम) तालुक्यालाही तेच काम करतं. पुढे पाठवायचं ते नंतर ठरेल.

स्वतःच्या गाडीत दोन मोठी माणसं हवीत. एकाने चालवायची, दुसऱ्याने मागे बसून बाळाला कुशीवर धरायचं. दोघांच्या मध्ये बाळ दाबून मोटरसायकलवर नेऊ नका, मान पुढे झुकली की श्वास अडतो. जांबोटी-कणकुंबीसारख्या घाटालगतच्या गावांत, पावसाळ्यात रस्ता खचतो तेव्हा, घरात स्प्रे असणं शहरापेक्षा कितीतरी जास्त गरजेचं आहे. तिथल्या बाळाच्या बाबतीत आम्ही स्प्रे लिहून द्यायला हात आखडत नाही.

तापातली आकडी आणि फेफरं एकच का?

नाही. वय सहा महिने ते पाच वर्षे, ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त, मेंदूत जंतुसंसर्ग नाही, साखर आणि क्षार ठीक आहेत आणि आधी कधी तापाशिवाय फिट आलेली नाही. हे सगळं जुळलं तरच ती तापातली आकडी. फेफरं म्हणजे मिरगी, ती तापाशिवाय पुन्हा पुन्हा येते.

तापातल्या आकडीचे दोन प्रकार. साधी: अंग दोन्ही बाजूंनी सारखं उडतं, पंधरा मिनिटांच्या आत थांबते, चोवीस तासांत पुन्हा येत नाही. गुंतागुंतीची: एकाच बाजूला, किंवा पंधरा मिनिटांहून जास्त, किंवा एका दिवसात दोनदा. हा फरक नुसता पुस्तकी नाही. पुढच्या तपासण्या यावरच ठरतात.

ताप फार चढला म्हणून फिट आली का?

नेहमी नाही. कित्येकदा फिट आधी येते आणि अंग गरम असल्याचं नंतर लक्षात येतं. ताप चढू लागल्यावर तासाभरात आलेली फिट आणि दोन दिवस १०३ ताप असताना न आलेली फिट, दोन्ही रोजच्या गोष्टी. विषाणूशी लढताना शरीर जी रसायनं सोडतं (इंटरल्यूकिन-१ बीटा हे त्यातलं एक), ती लहान मेंदूच्या पेशींना चेतवतात. वाढलेलं तापमान त्यात भर घालतं. त्यामुळे ‘आईने ताप वाढू दिला’ हा सासरच्या घरात होणारा आरोप शास्त्राला धरून नाही.

थोड्या तापातच आणि लगेच आलेली फिट हे बाळाचा मेंदू जास्त संवेदनशील असल्याचं लक्षण आहे. अशा बाळात ती पुन्हा येण्याची शक्यता वाढते.

कुठल्या विषाणूमुळे येते?

पहिल्या दोन वर्षांत सगळ्यात खोडकर आहे मानवी हर्पिस विषाणू ६, त्यातला ‘बी’ प्रकार. बाळ एरवी खेळकर, तीन ते पाच दिवस १०३-१०४ ताप, दुसरं काही सापडत नाही, आणि ताप उतरतो त्याच दिवशी छाती-पोटावर गुलाबी पुरळ. घरात याला सर्रास ‘गोवर निघाला’ म्हणतात. गोवरात पुरळ ताप चढलेला असताना येतं, डोळे लाल असतात, खोकला असतो. इथे पुरळ आलं की ताप गेलेला असतो. हा विषाणू मेंदूच्या पेशींतही शिरतो, म्हणून याच्या तापात फिट जरा जास्त दिसते.

त्यानंतर इन्फ्लुएन्झा ए. आपल्याकडे त्याचा जोर पावसाळ्यात असतो, आणि थंडी सरताना पुन्हा एकदा. शिवाय अ‍ॅडिनो, आरएस विषाणू, एन्टेरो, कोविड, डेंगी. यातला कुठला, हे शोधण्यासाठी प्रत्येक बाळाच्या नाकातला नमुना पाठवायची गरज नसते, कारण उपचार बहुधा बदलत नाही. अपवाद इन्फ्लुएन्झाचा. साथ चालू असेल आणि बाळ दोन वर्षांच्या आतलं असेल, तर ओसेल्टामिव्हिर हे फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर उपयोग होतो.

माकडतापामुळे फिट येऊ शकते का?

येऊ शकते, पण तान्ह्या बाळात हा आजार क्वचितच दिसतो. हा विषाणू १९५७ साली शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात सापडला आणि गेल्या दशकात खानापूरच्या पलीकडे सत्तरी आणि दोडामार्गपर्यंत दिसला. तो गोचिडीतून पसरतो. जंगलातून आणलेला पालापाचोळा, सरपण घराशेजारी रचत असाल आणि घरात कुणाला तसा ताप असेल, तर डॉक्टर विचारतील याची वाट न बघता सांगा.

ताप नव्हता. जुलाब होते आणि एका दिवसात तीन-चार फिट आल्या. हे काय?

रोटा आणि नोरो विषाणूंच्या जुलाबात असं होतं. वय साधारण सहा महिने ते तीन वर्षे, जुलाब सुरू झाल्यापासून एक ते पाच दिवसांत, लहान लहान फिट ओळीने, मधल्या वेळात बाळ शुद्धीवर. रक्तातली साखर, सोडियम, कॅल्शियम ठीक निघालं तर हा प्रकार सौम्य आहे. वर्षानुवर्षं गोळ्या लागत नाहीत.

पण ‘ठीक निघालं तर’ हे तपासल्याशिवाय म्हणता येत नाही. इथे गडबड होते ती ओआरएस कालवण्यात. मोठं पाकीट (२०.५ ग्रॅम) पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम घालायचं असतं. ‘बाळ एवढं कुठलं पिणार’ म्हणून पाव पाकीट अंदाजाने कपभर पाण्यात घातलं की सोडियम भलतंच वाढतं, आणि त्यानेच फिट येते. उलट नुसतं पाणी, फिक्का चहा किंवा पातळ पेज पाजत राहिलं तर सोडियम उतरतं आणि तेव्हाही फिट येते. लिटर फार वाटत असेल तर २०० मिलिलिटरसाठीचं छोटं पाकीट मागा. कालवलेलं पाणी चोवीस तासांनी टाकून द्या. सोबत झिंक १४ दिवस: दोन ते सहा महिने वयाला १० मिलिग्रॅम, त्यापुढे २० मिलिग्रॅम रोज.

घराण्यात आहे. बाळाच्या वडिलांनाही लहानपणी यायची. आनुवंशिक आहे का?

काही अंशी, हो. फिट आलेल्या बाळांपैकी पाव ते चाळीस टक्के बाळांच्या जवळच्या नात्यात कुणाला तरी तापात आकडी आलेली असते. एका मुलाला आली तर भावंडाला येण्याची शक्यता साधारण दहा ते वीस टक्के. आईवडिलांपैकी एकालाही आली असेल तर त्याहून जास्त. बहुतेक घरांत एकच एक दोषी जनुक नसतं, अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. म्हणून एकाच घरातल्या एकाच तापात, एकाच विषाणूने, थोरल्याला काही होत नाही आणि धाकटी आकडीने उडते.

काही घराण्यांत मात्र एकाच जनुकाचा हात असतो. मेंदूच्या पेशींत सोडियम आत सोडणाऱ्या वाहिनीचं एससीएन१ए हे जनुक सगळ्यात जास्त अभ्यासलेलं. त्यातल्या सौम्य बदलाने आजोबांना फक्त तापात आकडी, काकाला सहा वर्षांनंतरही तापात आकडी, बाळाला तापाशिवायही आकडी, असं एकाच घरात वेगवेगळं चित्र दिसतं. पीआरआरटी२ जनुकात बदल असेल तर तीन ते वीस महिन्यांच्या वयात तापाशिवाय ओळीने फिट येतात, औषधाला लगेच दबतात आणि दुसऱ्या वर्षानंतर बहुधा थांबतात. पीसीडीएच१९ मुख्यतः मुलींना त्रास देतं, तापात दिवसाला कित्येक फिट. आणि आरएएनबीपी२ नावाच्या जनुकात बदल असलेल्या बाळाला साध्या फ्लूनंतर मेंदूच्या आतल्या भागाला अचानक सूज येऊ शकते. हा आजार फार विरळ, पण विषाणू आणि वारसा कसे हातात हात घालून येतात त्याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही.

म्हणून डॉक्टरकडे जाताना तीन पिढ्यांची यादी न्या. कुणाला, कितव्या वर्षी, तापात की तापाशिवाय, किती वर्षांपर्यंत. ही माहिती आजीकडे असते. लग्न जमताना लपवलेली असते, हेही आम्हाला ठाऊक आहे, पण इथे लपवून बाळाचंच नुकसान.

मामाच्या मुलीशी लग्न झालंय. त्यामुळे झालं का?

साध्या तापातल्या आकडीचा नात्यातल्या लग्नाशी थेट संबंध जोडता येत नाही. पण चयापचयाचे काही आजार, म्हणजे बी-६ जीवनसत्त्वावर अवलंबून असलेली फिट किंवा यकृत बिघडवणारा पीओएलजी आजार, दोन्ही बाजूंनी एकच दोष आला की होतात. मामेबहीण, आतेबहीण किंवा कर्नाटकाच्या रीतीप्रमाणे मामा-भाची असं लग्न असेल तर त्यांची शक्यता वाढते. म्हणून नातं आहे हे पहिल्याच भेटीत सांगा. पीओएलजीचा संशय असलेल्या बाळाला व्हॅलप्रोएट हे फिटचं औषध दिलं तर यकृत निकामी होऊ शकतं.

ड्राव्हे म्हणजे काय? आमच्या बाळाला तो आहे का?

बहुधा नाही. ड्राव्हे हा तान्हेपणी सुरू होणारा मिरगीचा अवघड आजार, साधारण पंधरा-वीस हजार बाळांत एकाला होतो. पण ओळखायला उशीर झाला तर फार नुकसान, म्हणून जरा सविस्तर.

फ्रान्सच्या डॉक्टर शार्लोट ड्राव्हे यांनी १९७८ साली त्याचं वर्णन केलं आणि २००१ मध्ये एससीएन१ए जनुकाशी त्याचा संबंध कळला. पहिली फिट बहुधा पाच ते आठ महिन्यांच्या वयात, तापात किंवा लस दिल्याच्या दिवशी, किंवा कढत पाण्याच्या आंघोळीनंतर. ती लांबते, वीस मिनिटं, अर्धा तास. एकदा उजवी बाजू, पुढच्या वेळी डावी. तोपर्यंत बाळाची वाढ अगदी ठीक असते आणि पहिला एमआरआय, ईईजीही (मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख) स्वच्छ निघतो. इथेच सगळे फसतात. ‘तापातली आकडी आहे, मोठं झालं की जाईल’ म्हणून घरी पाठवलं जातं.

नियम असा लक्षात ठेवा: वर्षाच्या आत, एका बाजूची किंवा लांबलेली फिट, पुन्हा पुन्हा, दर वेळी बाजू बदलून. हे जुळलं तर बालमेंदूविकार तज्ज्ञाला दाखवा आणि जनुक तपासणीचं विचारा. कारण कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, लॅमोट्रिजिन, फेनिटॉइन ही नेहमीची औषधं या आजारात फिट वाढवतात. तेच कार्बामाझेपिन पीआरआरटी२ च्या बाळाला जादूसारखं लागू पडतं. नाव कळलं की औषध बदलतं, तपासणीचा खरा फायदा तोच.

ही तपासणी म्हणजे दोन-तीन मिलिलिटर रक्त, जांभळ्या बुचाच्या नळीत. अहवालाला तीन ते सहा आठवडे लागतात. त्यात ‘अर्थ अनिश्चित’ असं लिहून आलं तर तो आजार ठरत नाही. आईवडिलांचं रक्त तपासून तो बदल नवा आहे की वारशाने आलेला, ते बघावं लागतं. ड्राव्हेमध्ये तो बहुधा नवाच असतो, त्यामुळे ‘कुणाच्या घराण्यातून आला’ हा वादही मिटतो.

मेंदूज्वर नाही, हे कसं कळतं? पाठीतलं पाणी काढायलाच हवं का?

साध्या आकडीनंतर बाळ तासाभरात ओळखीचं हसतं, दूध मागतं. तसं झालं नाही, बाळ मलूल राहिलं, टाळू फुगली, मान वळवताना किंचाळलं, सारखी उलटी झाली किंवा अंगावर न दबणारे जांभळे ठिपके आले, तर पाणी काढायलाच हवं. सहा ते बारा महिन्यांच्या बाळाच्या हिब आणि न्यूमोकोकल लसी झालेल्या नसतील, किंवा गावातल्या डॉक्टरने आधीच अँटिबायोटिक दिलेलं असेल, तरीही काढलेलं बरं, कारण औषधाने मेंदूज्वराची लक्षणं झाकली जातात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आणि फिट एकत्र, म्हणजे मेंदूज्वर नाही हे सिद्ध होईपर्यंत तोच समजायचा. सुईने बाळ लुळं पडतं ही भीती निराधार आहे. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली घालतात.

ताप, फिट आणि काही तासांत बेशुद्धी हा विषाणूजन्य मेंदूदाहाचा नमुना आहे. नागपूरजवळच्या चांदिपुरा गावावरून नाव पडलेला विषाणू असाच झपाट्याने बळावतो. अशा वेळी सकाळची वाट बघू नये.

बाळ चार महिन्यांचं आहे, ताप नाही, फिट आली.

ही तापातली आकडी नव्हे. साखर लगेच ग्लुकोमीटरवर, मग कॅल्शियम. आईलाच ड जीवनसत्त्व कमी, बाळ फक्त अंगावर पितं, आणि बाळंतिणीची खोली सव्वा महिना बंद, अशा बाळांत कॅल्शियम उतरून फिट येते. उपाय स्वस्त आहे: जन्मल्यापासून वर्षभर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब. बाटली ४०० ची आहे की ८०० ची, ते बघा. मोठ्यांना आठवड्याला देतात ते ६०,००० युनिटचं पाकीट बाळाला रोज देणं हे विष आहे.

झोपेतून उठल्यावर बाळ ओळीने दचकतं. पोटात मुरडा असेल?

मान खाली, दोन्ही हात पुढे, पाय पोटाशी, सेकंदभर. थांबतं. पुन्हा तसंच. दहा-वीस वेळा, मग रडतं. तीन ते बारा महिन्यांच्या बाळात हे दिसलं तर ग्राइप वॉटर बाजूला ठेवा, व्हिडिओ घ्या आणि त्याच आठवड्यात ईईजी करा. हे इन्फंटाइल स्पाझम, म्हणजे तान्ह्या बाळातल्या मिरगीचा एक प्रकार, असू शकतात. ताप नसतो, बाळ निळं पडत नाही, म्हणून घरचे महिनेच्या महिने काढतात. एसीटीएच, प्रेड्निसोलोन किंवा विगाबॅट्रिन यांतलं औषध जितकं लवकर सुरू होईल तितकी बाळाची समज वाचते. या पानावरच्या सगळ्या प्रकारांत उशिराची किंमत इथे सर्वात जास्त.

न्हाऊ घालताना डोक्यावर गरम पाणी ओतलं आणि डोळे फिरवले.

कर्नाटकात ही तक्रार जगात इतरत्र क्वचितच दिसते इतकी दिसते, आणि तिचा अभ्यासही मुख्यतः बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनोविकार संस्थेत झाला. डोक्यावरून ४० ते ५० अंश सेल्सिअसचं पाणी तांब्यातांब्याने भराभर ओतलं की काहींना फिट येते. ती काही घराण्यांत चालत येते. पाणी अंगाइतकंच कोमट करा, कोपर बुडवून बघा, डोकं वेगळं, ओल्या फडक्याने धुवा. मालीश करणाऱ्या बाईंना कढत पाण्याचा आग्रह धरू देऊ नका. तरीही येत असेल तर डोक्यावरून आंघोळ असेल त्या दिवशी आधी क्लोबाझाम हे फिट टाळणारं औषध देतात. बाळ सहा-सात महिन्यांचं आणि फिट लांबलेली असेल तर वरचा ड्राव्हेचा प्रश्न पुन्हा वाचा.

कापूर, वेखंड, डाग?

कापूर पोटात गेला तर पाच मिनिटांपासून दीड तासाच्या आत फिट येऊ शकते, तापाची गरज नाही. सर्दीला नाकाखाली कापराचं तेल, उशाशी चघळण्याच्या अंतरावर कापूर-ओव्याची पुरचुंडी, दोन्ही बंद. वेखंड आणि जायफळ उगाळून पाजल्याने उलटी आणि गुंगी येते, मग बाळ कशाने मलूल आहे ते कुणालाच कळत नाही. मध वर्षाच्या आत नाही. पोटावर डाग दिल्याने फिट थांबत नाही, जखम चिघळून जंतू रक्तात जातात. देवाला नवस बोलायला आमची हरकत नाही, पण दवाखान्यातून परत आल्यावर.

पॅरासिटामॉल किती?

किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, दिवसात चारच वेळा. आठ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम.

आता चूक कुठे होते ते. मेडिकलमध्ये तीन ताकदीच्या बाटल्या असतात. १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमचे थेंब असतील तर या बाळाला १.२ मिलिलिटर. ५ मिलिलिटरमध्ये १२५ असेल तर जवळजवळ ५ मिलिलिटर. ५ मिलिलिटरमध्ये २५० असेल तर २.४ मिलिलिटर. गेल्या वेळी ‘पाच एमएल’ दिलं होतं म्हणून यंदा थेंबांच्या बाटलीतून पाच मिलिलिटर दिलं, तर चौपट डोस गेला. बाटलीवरची ताकद वाचा, घरच्या चमच्याने मोजू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर घरी औषध न देता दाखवा.

मेफेनॅमिक आम्लाचं लाल-पिवळं सिरप ताप ‘लवकर उतरतो’ म्हणून मागू नका, जास्त गेलं तर त्यानेच फिट येते. निमेसुलाइड तर बारा वर्षांखालच्या मुलांना आपल्या देशात बंद आहे. सर्दीचं झोप आणणारं मिश्रणही चार वर्षांखाली नको. थंड पाण्याने पुसू नका, बर्फ नको. कोमट पाणी आणि पातळ कपडे पुरतात.

वेळेवर पॅरासिटामॉल दिलं तर पुढच्या तापात फिट टळेल?

नाही. पालकांना हे पटत नाही, कारण मग हातात काहीच उरत नाही असं वाटतं. औषध बाळाला बरं वाटावं म्हणून द्यायचं. रात्री दर तासाला उठवून थर्मामीटर लावण्याने फक्त आई आजारी पडते.

नाकातला स्प्रे कसा वापरायचा?

औषध मिडाझोलाम, किलोला ०.२ मिलिग्रॅम. बहुतेक बाटल्यांत एका दाबाला ०.५ मिलिग्रॅम येतं, पण जास्त ताकदीच्याही मिळतात, म्हणून किती दाब ते डॉक्टरकडून बाटलीवरच मोठ्या अक्षरात लिहून घ्या. दहा किलोला २ मिलिग्रॅम, म्हणजे ०.५ च्या बाटलीचे चार दाब, प्रत्येक नाकपुडीत दोन. बाटली नवी असेल किंवा बरेच दिवस वापरली नसेल तर आधी हवेत दोन-तीनदा दाबा, फवारा दिसला पाहिजे. हे न केल्याने पहिले दोन दाब रिकामे जातात आणि ‘औषधाचा गुण आला नाही’ असं वाटतं. नाक शेंबडाने भरलं असेल तर पुसा. वजन वाढलं की डोस बदलतो, दर सहा महिन्यांनी विचारा. श्वास मंदावू शकतो, म्हणून दुसरा डोस स्वतःच्या मनाने नाही. फिट थांबल्यावरही दवाखान्यात जायचंच.

रोजची गोळी सुरू करायची का?

साध्या आकडीला नाही. फायद्यापेक्षा गोळीचा त्रास जास्त. सहा महिन्यांत तीन, वर्षात चार, किंवा एकदाही फार लांबलेली, अशी फिट असेल तर तापाच्या दोन-तीन दिवसांपुरतं क्लोबाझाम देतात, किलोला दिवसाला ०.७५ ते १ मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. बाळ झिंगल्यासारखं चालेल. ताप गेला की बंद. खोलीतल्या कपाटात ठेवून ‘थोडं गरम वाटलं’ म्हणून रोज देणारेही भेटतात. तसं नको.

ईईजी, एमआरआय सांगितलंय.

साध्या, पहिल्या आकडीला दोन्हीची गरज नाही. हिमोग्लोबिन मात्र बघा. लोह कमी असलेल्या बाळांत तापातली आकडी जास्त दिसते. वर्षभराच्या बाळाला नाचणीचं सत्त्व, पालेभाजी, अंडं चालू करा आणि म्हशीचं दूध कपावर कप पाजणं थांबवा.

लस द्यायची का? लसीनंतरच फिट आली होती.

द्यायची. डीपीटी नंतर फिट आली तर ती त्याच दिवशी, गोवर-रुबेलानंतर सहाव्या ते चौदाव्या दिवसात. एमएमआर लसीच्या तीन-चार हजार डोसांमागे साधारण एक. खुद्द गोवराच्या तापाचा धोका कितीतरी मोठा. लसीमुळे मेंदू बिघडला असं समजल्या गेलेल्या १४ जणांची जनुकं ऑस्ट्रेलियात २००६ साली तपासली, तेव्हा ११ जणांत एससीएन१ए चा बदल सापडला. आजार आधीपासून होता, लसीच्या तापाने तो उघड झाला. आशाताईंना आधीच सांगा, लस दवाखान्यात घ्या, स्प्रे जवळ ठेवा.

पुन्हा येईल का? बाळ मंद होईल का?

पुन्हा येण्याची शक्यता सरासरी तीनात एक. पहिली फिट वर्षाच्या आत आली असेल तर जवळजवळ निम्मी. साध्या आकडीने बुद्धी कमी होत नाही, शाळेत मागे पडत नाही. पुढे मिरगी होण्याची शक्यता एरवी शंभरात एकाहून कमी, साध्या आकडीनंतर एक-दोन, गुंतागुंतीच्या आकडीनंतर चार ते सहा, कधी जास्त.

अंगणवाडीत काय सांगून ठेवू?

एक कार्ड, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. बाळाचं नाव, वजन आणि वजन केल्याची तारीख, किती मिनिटांनी स्प्रे, किती दाब, दोन फोन नंबर, जवळचा दवाखाना. ‘तोंडात काही घालू नये’ हे दोन्ही भाषांत लाल शाईने. स्प्रेची मुदत संपण्याची तारीखही त्यावरच लिहा, कारण बाटली पिशवीच्या तळाशी जाते आणि कार्ड भिंतीवर राहतं.